अन्नाची दुसरी वाट

निरोगी माणूस दिवसाकाठी शेकडो वेळा गिळतो आणि त्यातल्या एकाही वेळेची त्याला आठवण राहत नाही. ताटावर बसून घेतलेल्या घासांची गोष्ट सोडाच, पण झोपेतही तो आपली लाळ गिळीत असतो. या साध्या वाटणाऱ्या क्रियेत ओठ, जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांचे पंचवीस-तीस स्नायू भाग घेतात. जिभेने घास मागे लोटला की मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकून श्वासनलिकेचे दार मिटते, आणि क्षणभर श्वास थांबून घास अन्ननलिकेत उतरतो. या स्नायूंना हुकूम पोहोचविणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या बुंध्याशी, लंबमज्जेत व तिच्या आसपास वसलेल्या असतात.

मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात स्नायूंना हालचालीचे हुकूम देणाऱ्या नेमक्या अशाच पेशी एकामागून एक झिजत जातात. कोणाचा हात प्रथम दुर्बळ होतो, कोणाचा पाय. आणि सुमारे पाव ते एक तृतीयांश रोग्यांत विकाराचा आरंभ जिभेपासून व घशापासून होतो. बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो, अर्ध्या तासाच्या जेवणास दीड तास पुरत नाही, आणि अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याचे भय उभे राहते. हातापायांपासून सुरू झालेला विकारही बहुधा पुढे घशापर्यंत येतोच. भूक मात्र असते. चव कळते. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास पूर्वीइतकाच येतो. अन्न समोर आहे, खाण्याची इच्छा आहे, आणि मधली वाट तेवढी बंद होत चालली आहे, अशी ही अवस्था असते.

या अवस्थेवर वैद्यकाने योजलेला उपाय म्हणजे घशाला वळसा घालून थेट जठरात अन्न पोहोचविणारी नळी. तिचा इतिहास चारशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्यात दोन प्रश्न बरोबरीने चालत आलेले दिसतात. नळी कशी घालावी हा पहिला. ती कोणाच्या इच्छेने घालावी हा दुसरा. पहिल्याची उकल शल्यवैद्यांनी केली. दुसऱ्याची उकल होण्यास तुरुंग, न्यायालये आणि रुग्णशय्या या तिन्ही ठिकाणी फार मोठी किंमत मोजावी लागली.

घशातून अन्न जात नसेल तर ते दुसऱ्या वाटेने द्यावे, ही कल्पना प्राचीन आहे. प्राचीन इजिप्त आणि ग्रीस येथील वैद्य गुदमार्गाने पोषक द्रव्ये देत. आयुर्वेदात बस्तीचा विचार चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात विस्ताराने आला आहे, आणि शरीराचे पोषण करणारा बृंहण बस्ती हा त्यातलाच एक प्रकार होय. पाश्चात्त्य वैद्यकात तर ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडण्यात आली. त्यांच्या पोटात अन्न ठरेना, तेव्हा डॉक्टरांनी मांसाचा अर्क व इतर पोषक द्रव्ये गुदमार्गाने देण्यास आरंभ केला. मोठे आतडे पाणी आणि क्षार शोषून घेते, परंतु माणसाला जगविण्याइतके अन्न शोषण्याची शक्ती त्याच्या अंगी नसते. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड मरण पावले. त्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण जखमेत झालेला जंतुसंसर्ग हे असले, तरी अखेरच्या आठवड्यांत त्यांचे शरीर उपासमारीने खंगले होते यात संशय नाही.

वरच्या बाजूने नळी घालण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे शारीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस, म्हणजे रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेचे गुरू, यांनी १६१७ साली धनुर्वाताने दातखिळी बसलेल्या रोग्यांना नाकावाटे चांदीची नळी घालून अन्न दिल्याची नोंद आहे. चांदीची नळी घशाच्या वळणाप्रमाणे वळत नाही, म्हणून ती घशाच्या आरंभापर्यंतच जाई. पुढे कातड्याच्या लवचिक नळ्यांचे प्रयोग झाले. पण जिभेचे व घशाचे स्नायू लुळे पडलेल्या माणसाला नळीने जगविल्याची जी हकीगत वैद्यकाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते, ती लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांची.

१७९० साली हंटर यांच्याकडे पन्नाशीचा एक गृहस्थ आला. त्याला गिळता येत नव्हते. हंटर यांनी देवमाशाच्या तोंडातील लवचिक हाडाची, म्हणजे व्हेलबोनची, एक सळई घेतली व तिच्यावर ईल माशाची ताजी कातडी मोजासारखी चढविली. वरच्या टोकाला लाकडी तोटी व तिला जनावराचा फुगा बांधला. अंडी पाण्यात फेटून, साखर, दूध किंवा द्राक्षासव मिसळून केलेले पातळ अन्न त्या फुग्यातून दाबून जठरात पोहोचविले. औषधेही त्याच वाटेने दिली. काही आठवड्यांनी रोग्याच्या घशातील शक्ती परत आली आणि तो पुन्हा तोंडाने जेवू लागला. हंटर यांचा हा रोगी भाग्यवान ठरला. त्याचे लुळेपण ओसरणारे होते. जे लुळेपण कधीच ओसरत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाही नव्हता. कारण त्या रोगाला अजून नाव मिळावयाचे होते.

ते नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये मिळाले. १८६० साली ड्यूशेन यांनी जीभ, टाळू आणि ओठ हळूहळू लुळे पडत जाणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. १८६९ साली झां मार्तें शार्को आणि त्यांचे सहकारी जोफ्रॉय यांनी प्रेतांच्या तपासणीवरून असे दाखविले की, अशा रोग्यांच्या मज्जारज्जूतील प्रेरक पेशी व मेंदूतून त्यांच्याकडे येणारे तंतू झिजून गेलेले असतात. शार्को पॅरिसमधील साल्पेत्रिएर या विशाल रुग्णालयात काम करीत. आयुष्याची अखेर तेथेच काढणाऱ्या असंख्य रोग्यांची लक्षणे ते जिवंतपणी टिपून ठेवीत व मृत्यूनंतर त्यांच्या मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १८७४ साली त्यांनी या रोगाचे सर्व रूप एकत्र मांडले. ड्यूशेन यांनी पाहिलेला घशाचा विकार आणि हातापायांचा विकार ही एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यानंतर सर्वमान्य होत गेले. अमेरिकेत हाच रोग लू गेरिग या बेसबॉलपटूच्या नावाने ओळखला जातो. १९३९ साली ऐन भरात त्याला खेळ सोडावा लागला आणि २ जून १९४१ रोजी त्याचा अंत झाला. रोगाचे निदान झाले, परंतु उपाय मात्र मिळाला नाही.

शार्को रोगाचे मूळ शोधीत होते त्याच काळात युरोपातील शल्यवैद्य पोटावरून थेट जठरात शिरण्याचा मार्ग शोधीत होते. पोटाला भोक पडूनही माणूस जगू शकतो, हे एका अपघाताने सिद्ध केले होते. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला बंदुकीचा बार अगदी जवळून लागला. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले, पण जठराचे भोक बुजेना. त्याच्या कडा पोटाच्या कातडीला जुळून आल्या. या भोकातून बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, पाचकरस बाहेर काढला, आणि १८३३ साली आपले विख्यात पुस्तक प्रसिद्ध केले. सेंट मार्टिन आपल्या डॉक्टरापेक्षाही सत्तावीस वर्षे अधिक जगला. त्याला मरण आले ते १८८० साली. मात्र या प्रयोगांना तो पुष्कळदा कंटाळून निघून जाई आणि त्याला पैसे देऊन परत आणावे लागे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नळीच्या इतिहासातला दुसरा प्रश्न, इच्छेचा प्रश्न, येथे प्रथम डोके वर काढतो.

१८३७ साली नॉर्वेतील लष्करी शल्यवैद्य एगेबर्ग यांनी अन्ननलिका बंद झालेल्या रोग्याच्या पोटावर मुद्दाम असे भोक करावे, अशी कल्पना मांडली. रशिया आणि फ्रान्स येथे कुत्र्यांवर प्रयोग झाले. १३ नोव्हेंबर १८४९ रोजी स्ट्रासबर्ग येथे शार्ल सेदियो यांनी माणसावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली. तिला गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणतात. मराठीत जठरद्वार म्हणता येईल. त्यांचा रोगी वाचला नाही. १८५३ सालचा दुसराही वाचला नाही. भूल देण्याची विद्या आली होती, पण जंतूंचे ज्ञान नव्हते, आणि पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूला दार उघडणे ठरे. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर करण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ पासून पसरू लागली, तेव्हा चित्र पालटले. १८७५ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात सिडनी जोन्स यांचा रोगी शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जगला. १८७६ साली पॅरिसमध्ये व्हेर्नय यांनी एका तरुणाच्या पोटात असे द्वार केले. दाहक पदार्थ गिळल्याने त्याची अन्ननलिका आक्रसली होती. तो त्या द्वारावर अनेक महिने जगला. १८९४ साली अमेरिकेतील मार्टिन स्टॅम यांनी जठराला नळीभोवती टाके घालून मुडपण्याची जी सोपी रीत सांगितली, ती आजही शल्यवैद्य वापरतात.

तरीही घशाचे स्नायू लुळे पडलेल्या, श्वासही दुबळा झालेल्या रोग्याला पूर्ण भूल देऊन त्याचे पोट उघडणे हे मोठ्या धोक्याचे काम होते. म्हणून विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग अशा रोग्यांच्या वाट्याला नाकातली नळीच आली. रबर मऊ करण्याची विद्या आल्यावर ही नळी सोसण्याजोगी झाली होती. १९२१ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन रायल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या अब्राहम लेव्हिन यांनी बारीक नळीचे आपापले प्रकार सांगितले. रायल यांचा हेतू रोग्याला जेवू घालण्याचा नव्हता. जठरातील रस थोडा थोडा बाहेर काढून तपासण्यासाठी त्यांनी ती नळी केली होती. पुढे हेच रायल ऑक्सफर्ड येथे सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक झाले. त्यांच्या देशापेक्षाही हिंदुस्थानात त्यांचे नाव अधिक टिकले. आसामपासून केरळपर्यंत कोणत्याही रुग्णालयात नाकातून घातलेल्या नळीला आज ‘रायल्स ट्यूब’ असेच म्हणतात, आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्या निरक्षर आईच्याही तोंडी तो शब्द बसलेला असतो.

पण हीच रबरी नळी तोवर रुग्णालयातून तुरुंगात जाऊन पोहोचली होती. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून लढणाऱ्या ब्रिटनमधील महिलांनी १९०९ साली तुरुंगात अन्नत्याग सुरू केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात त्यांना बळजबरीने नळीने अन्न देण्यास आरंभ झाला. हातपाय धरून, नाकातून किंवा तोंड उघडून नळी कोंबण्यात येई. हे वैद्यकीय उपचार आहेत असा सरकारचा दावा होता. अनेक डॉक्टरांनी मात्र त्याचा जाहीर निषेध केला. अखेर १९१३ साली सरकारला कायदा करून उपोषण करणाऱ्या कैद्यांना तात्पुरते सोडून देण्याची सोय करावी लागली.

भारतात या नळीने हुतात्मे घडविले. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून लाहोरच्या तुरुंगात १३ जुलै १९२९ रोजी जतीन दास उपोषणास बसले. नळीने अन्न घालण्याच्या झटापटीत द्रव पदार्थ फुप्फुसात गेला. त्यातून ते सावरले नाहीत, आणि उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर रोजी, त्यांचे प्राण गेले. १९३३ च्या मे महिन्यात अंदमानच्या सेल्युलर जेलमधील उपोषणात महावीर सिंग, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे याच रीतीने गेले. तडफडणाऱ्या माणसाच्या घशात नळी घालू लागले की ती अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत शिरण्याचा धोका फार असतो. ज्या साधनाने हंटर यांचा रोगी वाचला, त्याच साधनाने हे तरुण मेले. साधन एकच होते. फरक पडला तो ते कोणाच्या इच्छेने वापरले यामुळे.

वैद्यकाने हा धडा उशिरा का होईना, पण लिहून ठेवला. १९७५ साली टोकियो येथे जागतिक वैद्यक संघटनेने असे जाहीर केले की, आपल्या निर्णयाचे परिणाम समजण्याची कुवत असलेला कैदी अन्न नाकारीत असेल, तर डॉक्टरने त्याला कृत्रिम रीतीने अन्न देऊ नये. तथापि प्रश्न तेथे संपला नाही. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांनी नोव्हेंबर २००० मध्ये आरंभिलेले उपोषण ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुटले. मधली जवळजवळ सोळा वर्षे त्यांना सरकारी पहाऱ्यात नाकातील नळीनेच अन्न देण्यात येत होते.

तुरुंगाकडून आता पुन्हा रुग्णालयाकडे वळावयाचे. पोट न उघडता जठरद्वार करण्याची युक्ती सापडली ती प्रकाशामुळे, आणि त्या प्रकाशाच्या कथेत एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी वाकविली तरी तिच्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, हे या दोघांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. तो लेख अमेरिकेतील बेझिल हर्शोविट्झ यांच्या वाचनात आला. १९५७ साली त्यांनी अशा तंतूंची लवचिक दुर्बीण तयार केली आणि ती प्रथम स्वतः गिळून पाहिली. जठराच्या आत डोळ्यांनी पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे बालशल्यवैद्य मायकेल गॉडरर आणि दुर्बिणीचे तज्ज्ञ जेफ्री पॉन्स्की हे दोघे लहान मुलांच्या जठराची तपासणी करीत असता एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खोलीतला दिवा मंद केला की आतल्या दुर्बिणीचा उजेड बाळाच्या पोटावर बाहेरून लालसर दिसे. जेथे उजेड दिसतो तेथे जठराची भिंत पोटाच्या भिंतीला अगदी लागून आहे, असा त्याचा अर्थ होता. मग पोट उघडण्याचे कारणच काय? उजेडाच्या जागी बाहेरून सुई घालावयाची, तिच्यातून दोरा आत सोडावयाचा, दुर्बिणीने तो पकडून तोंडावाटे बाहेर काढावयाचा, त्याला नळी बांधावयाची, आणि पोटाकडून दोरा ओढून नळी घशातून जठरात व तेथून पोटाबाहेर आणावयाची. नळीच्या आतल्या टोकाला भूछत्रासारखा गोल असल्याने ती निसटत नाही. १२ जून १९७९ रोजी साडेचार महिन्यांच्या एका बाळावर ही क्रिया प्रथम झाली, आणि १९८० साली तिची हकीगत प्रसिद्ध झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून पेग असे नाव पडले. जागा बधिर करण्याचे औषध आणि थोडी गुंगी एवढ्यावर हे काम होते. ज्यांचा श्वास दुर्बिणीलाही सोसणार नाही, त्यांच्यासाठी क्ष-किरणांच्या साहाय्याने नळी बसविण्याची रीतही लवकरच निघाली.

बाळांसाठी निघालेली ही युक्ती मोटर न्यूरॉन डिसीजच्या प्रौढ रोग्यांना वरदान ठरली. नाकातली नळी सतत टोचते, वारंवार बदलावी लागते आणि चेहऱ्यावर आजाराचे निशाण बनून राहते. पोटावरची नळी सदऱ्याखाली झाकून जाते. पिचकारीने किंवा टांगलेल्या पिशवीतून अन्न, पाणी आणि औषधे तिच्यातून जातात. आपल्याकडे पुष्कळ घरांतून मऊ भात, वरण, दूध, ताक, नाचणीची पेज असे घरचेच अन्न बारीक वाटून, गाळून देतात. मात्र त्यात शक्तीचा अंश पुरेसा राहावा म्हणून आहारतज्ज्ञाचा सल्ला लागतो, आणि प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याने नळी धुवावी लागते. जेवणाची रोजची लढाई संपते. ज्याला गिळणे थोडे तरी निर्धोक आहे, त्याने चवीपुरता घास तोंडाने घेण्यास आडकाठी नसते.

तथापि नळीकडून किती अपेक्षा करावी, हेही सांगितले पाहिजे. ती रोग थांबवीत नाही. लाळ फुप्फुसात जाण्याचा धोका ती टाळू शकत नाही. तिने आयुष्य नेमके किती वाढते हे चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडणाऱ्या शास्त्रीय चाचणीने कधी ठरविले गेलेले नाही, कारण उपाशी माणसाला नळी नाकारून तशी चाचणी करणे कोणाच्या मनाला पटणारे नाही. जे ज्ञान आहे ते रोग्यांच्या पाहणीतून आलेले आहे. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती म्हणजे वेळेचे महत्त्व. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली असा सल्ला दिला की, फुप्फुसांची शक्ती अपेक्षेच्या निम्म्यावर येण्यापूर्वी नळी बसवावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत २४ केंद्रांतील ३४५ रोग्यांचा अभ्यास होता. नळी कोणत्या पद्धतीने बसविली यापेक्षा रोगी तोवर किती खंगला होता हे अधिक महत्त्वाचे ठरले. निदानाच्या वेळच्या वजनातून दहा टक्क्यांहून अधिक वजन ज्यांनी गमावले होते, त्यांना नळीचा लाभ कमी झाला.

येथेच या रोगातली खरी अडचण आहे. नळी लाभावयाची असेल तर ती गिळता येत असतानाच बसवून घ्यावी लागते. ज्या माणसाला अजून वरणभात खाता येतो, त्याने पोटाला भोक पाडून घेण्यास राजी व्हावे, असे त्याला सांगावे लागते. पुष्कळ रोगी ही गोष्ट पुढे ढकलतात. नळी म्हणजे शेवटाची सुरुवात असे त्यांना वाटते. घरची माणसेही तो विषय काढावयास धजत नाहीत; कोणी हट्टाने भरवीत राहते, कारण भरविणे ही आपल्याकडे माया दाखविण्याची सर्वांत जुनी रीत आहे, आणि ती हातची जाणे भरविणाऱ्यालाही सोसत नाही. या सर्वांत महिने जातात. मग एके दिवशी निर्णय घ्यावयाची वेळ येते तेव्हा छातीत बळ उरलेले नसते आणि बोलण्यास जीभही उरलेली नसते.

या रोगात काही जणांच्या विचारशक्तीवर व वागणुकीवरही परिणाम होतो, हे आता कळले आहे. परंतु बहुतेकांना आपल्याविषयीचा निर्णय घेण्याइतकी समज शेवटपर्यंत असते. म्हणून नळी हवी की नको, हे त्यांना विचारता येते, आणि विचारलेच पाहिजे. होकार वेळेवर घ्यावा तसा नकारही मान देऊन ऐकावा. एकदा बसविलेली नळी पुढे वापरावयाची नाही असे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

भारतात कायद्याने या अधिकाराकडे यावयास वेळ घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर त्या शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्न देणे थांबवावे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने रुग्णालयाच्या मायेला मान देऊन ती मागणी फेटाळली. मात्र काही परिस्थितींत उपचार थांबविता येतील हे तत्त्व मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे असे सांगितले, आणि आपल्यावर पुढे कोणते उपचार नकोत हे माणसाने आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ही रीत सोपी झाली. अशा लेखावर न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही करणे पुरे ठरले. ज्या रोगात वाचा आधी जाते आणि समज मागे उरते, त्या रोगात या कागदाचे मोल फार आहे.

सर्वच रोग्यांना काळ इतका थोडा नसतो, हेही येथे नमूद करावे. १९७० साली मीनाक्षिसुंदरम, जगन्नाथन आणि राममूर्ती या मद्रासच्या तज्ज्ञांनी दक्षिण भारतात आढळणाऱ्या या रोगाच्या एका निराळ्या प्रकाराचे वर्णन केले. तो ऐन तरुणपणी सुरू होतो, चेहरा व घसा दुबळा करतो, कानांनी ऐकू येईनासे होते, पण त्याची चाल संथ असते. अशा रोग्यांच्या बाबतीत गिळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे सोबत राहणारा असतो, आणि कुटुंबाला त्याच्यासह संसार करावा लागतो.

फाब्रिसियसच्या चांदीच्या नळीपासून गॉडरर आणि पॉन्स्की यांच्या उजेडापर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पूर्ण झाले आहे. नळी आता सुरक्षित आहे, आणि ती बसविणारे हात भारताच्या मोठ्या शहरांतून आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक रोग्याच्या उशाशी बसून नव्याने मिळवावे लागते. लाहोर आणि अंदमान येथे ते विचारलेच गेले नाही, म्हणून माणसे गेली. घरात आणि रुग्णालयात ते बहुधा संकोचापायी विचारले जात नाही, आणि मग नळी येते ती उशिरा, किंवा रोग्याच्या मनाविरुद्ध. रोगाचे नाव कळल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, रोगी बोलू शकत असताना आणि त्याच्या ताटातले वरण त्याला अजून गोड लागत असताना, त्याच्याशी हे बोलणे झाले पाहिजे. एवढे झाले तर नळीचे उरलेले काम वैद्यक आज बिनबोभाट करू शकते.